न तपासता परत द्यायचं घड्याळ

मुंबईच्या एका लिलावगृहाच्या यादीत यंदा माझी खूण छापून आली. एका मनगटी घड्याळाच्या मागच्या झाकणाचा, आतल्या बाजूनं काढलेला फोटो होता. त्याच्या कडेला सुईनं कोरलेला 'शं' होता आणि त्याखाली महिना-साल. बाजूला इंग्रजीत मजकूर होता. केनवडच्या स्वातीनं तो मला मोबाइलवर वाचून मराठीत सांगितला. घड्याळ वापरलेलं पण उत्तम स्थितीत आहे, जाणत्या कारागिरानं वेळोवेळी देखभाल केलेली आहे, आणि संकटाच्या वेळी हाक पाठवणारी आतली यंत्रणा मूळ स्थितीत, कधीही न वापरलेली आहे.

जाणता कारागीर म्हणजे मी. शिरपूरच्या बसस्टँडसमोर बेचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. मजकुरातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जिवंत माणसांपैकी एकट्या मला ठाऊक होतं.

या अंकाच्या संपादकांनी मला 'गिऱ्हाइकांच्या गमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती आहेत, त्या आधी सांगतो. त्याशिवाय माझा धंदा कळणार नाही, आणि पुढचं लिहायला हात थोडा मोकळा करून घ्यावा लागणार आहे.

दुकान चार फूट रुंद. पुढे काचेची पेटी, मागे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक घड्याळ. शिरपूरला जैन मंदिराच्या दर्शनाला लांबलांबचे यात्रेकरू येतात. बसमधून उतरतानाच लोक घड्याळ पुढे करायचे आणि म्हणायचे, दर्शन करून येतो, तेवढ्यात करून ठेवा. त्यांना वाटायचं, घड्याळ म्हणजे पंक्चर आहे.

एकदा एक शेतकरी भिंतीवरचं लोलकाचं घड्याळ पोत्यात बांधून घेऊन आला. तक्रार काय, तर बायको बोलली की घड्याळ चुकचुकते. मी मागची फळी काढली. आत पाल, आणि कोपऱ्यात तिची दोन अंडी. त्यानं ती बराच वेळ निरखून पाहिली आणि म्हणाला, "अंडे फुटेस्तोवर इथंच राहू द्या शंकरभाऊ. घरी बायको मारून टाकन तिले." तीन आठवडे ते घड्याळ माझ्याकडे चुकचुकत होतं.

बसस्टँडचा कंट्रोलर रोज सकाळी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून स्वतःचं घड्याळ लावायचा. दर सोमवारी मी दुकान उघडलं की त्याच्या ऑफिसातल्या घड्याळाकडे बघून माझं लावायचो. सरकारी घड्याळ आहे, बरोबरच असणार. शेजारच्या रफिकभाईनं एक दिवस रेडिओवरच्या बातम्यांच्या आधीचे ठोके मोजले आणि सांगितलं, "तुमी दोघंबी सात मिनिटं मागं हाये. एकमेकाचा हात धरून." किती वर्षं शिरपूरच्या बसगाड्या सात मिनिटं उशिरा सुटल्या कोण जाणे. कोणाची तक्रार आली नाही, कारण प्रवासीही माझ्याच दुकानात घड्याळ लावून जायचे.

रफिकभाई रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. आमच्या दोन दुकानांमध्ये एकच पत्र्याची भिंत होती, तिला वरच्या बाजूला आम्ही एक चौकोन कापला होता. त्यातून चहाचे ग्लास, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंगचं लोखंड आणि टोमणे इकडून तिकडे जायचे. या गोष्टीत तो आहे, आणि आता तो नाही, म्हणून त्याच्या वाट्याचंही मलाच लिहावं लागेल. त्याचा दोष लहान होता, माझा मोठा, हे आधीच सांगून ठेवतो.

मी काम शिकलो अकोल्याला, उस्तादांकडे. ते फार बोलायचे नाहीत, पण दोन गोष्टी त्यांनी डोक्यात पक्क्या बसवल्या. पहिली गोष्ट खुणेची. जे घड्याळ उघडाल त्याच्या मागच्या झाकणात, आतून, सुईनं आपली खूण आणि महिना कोरायचा. गिऱ्हाइकाला ती खूण कधी दिसत नाही, ती पुढच्या कारागिरासाठी असते. त्यानं झाकण उघडलं की त्याला कळतं, आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं. जुन्या घड्याळांत मी सहा-सहा खुणा पाहिल्या आहेत. माणसं गेलेली, दुकानं उठलेली, खुणा तशाच. त्या खुणेचा अर्थ असा, की मी हे उघडलं होतं आणि मी बंद केलं तेव्हा आत सगळं ठीक होतं. ठीक नसेल, आणि आपल्याकडून होत नसेल, तर खुणेपुढे फुली मारायची. फुली मारायला लाज वाटते, म्हणून तिला किंमत आहे, असं उस्ताद म्हणायचे.

दुसरी गोष्ट तपासण्याची. तपासल्याशिवाय घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. दुरुस्त झालं तरी तीन दिवस खिळ्याला टांगायचं. गजर असेल तर वाजवून बघायचा, तारीख असेल तर काटे फिरवून ती बदलते का बघायचं, पाण्यात चालणारं असेल तर वाटीभर पाण्यात बुडवून बघायचं. बेचाळीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही. माझ्या हातून जे झालं ते हा नियम पाळल्यामुळे झालं.

दिगंबर केनवडचा. घरची थोडी शेती. त्यानं पाइप जोडण्याचं काम शिकून घेतलं आणि ते पोरगं थेट समुद्रात, तेल काढतात त्या लोखंडी फलाटांवर जाऊन पोचलं. दीड-दोन महिने समुद्रात, मग तेवढेच दिवस घरी. केनवडच्या बाजारात तो दिसला की लोक त्याला विचारायचे, पाणी खरंच खारं असते काय रे. तो म्हणायचा, चहात टाकाले साखर लागत नाही इतकं गोड हाये.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. सुटी संपत आली होती तेव्हा तो दुकानात आला आणि मनगटावरून एक घड्याळ काढून पेटीवर ठेवलं. पेटीची काच वाजली इतकं ते जड होतं.

"काका, सेल संपला याचा. तेवढा टाकून द्या."

"हे कोणतं भांडं आणलं रे?"

"भांडं नाही, घडीच हाये. आमच्या फलाटावर एक गोरा इंजिनिअर होता. शिडीवरून घसरला, मी धरला त्याले. जातानी मनगटातून काढून मले देऊन गेला."

मी डोळ्याला भिंग लावलं. तसं घड्याळ मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काटे, आकडे नेहमीसारखेच, पण खालच्या अंगाला एक जाड फुगवटा आणि त्यावर आट्यांचं, फिरवून उघडायचं टोपण. दिगंबरनं समजावून सांगितलं. आत दोन वेगळी यंत्रं आहेत. एक वेळ दाखवतं, त्याचा सेल मी बदलायचा. दुसऱ्याचा वेळेशी संबंध नाही. माणूस समुद्रात, बर्फात, जंगलात हरवला की ते टोपण फिरवायचं, आत गुंडाळलेली तार ओढून बाहेर काढायची, की घड्याळ हाक मारू लागतं. ती हाक कानाला ऐकू येत नाही. वरून जाणाऱ्या विमानाच्या रेडिओवर ती पोचते. मग शोधणारे निघतात.

"माणसाले वरडता येत नाही काय?" मी विचारलं.

"समुद्रात कोणाले आयकू जाते, काका?" तो हसला. मग बोट रोखून म्हणाला, "पण टोपणाले हात नका लावू बरं. एकदा तार वढली का दोन दिवस थांबत नाही ते. अन् मंग खलास. परत भराले तिकडं परदेशी कंपनीकडंच पाठवा लागते. काडीपेटीतली काडी समजा. कारण नसतानी वढली तर जे शोधाले येतीन त्याईचा सारा खर्चबी आपल्यावर, असा कागद हाये त्याच्यासंगं."

तो केनवडला गेला. तीन दिवसांनी दुपारी चारला तो येणार, घड्याळ घेऊन तसाच अकोल्याला जाणार, तिथून रेल्वेनं मुंबई, आणि मग समुद्र.

सेल मी दहा मिनिटांत बदलला. घड्याळ खिळ्याला टांगलं. तीन दिवस सेकंदाचा फरक नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ते पुसून पेटीवर ठेवलं. चौकोनातून रफिकभाईचं तोंड आलं.

"झालं काय तपासून?"

"झालं."

"आन् ते टोपण?"

"त्याले हात लावाचा नाही म्हणे."

"म्हंजे अर्धंच तपासलं," तो म्हणाला. "कायचा कारागीर तू शंकर? त्या पोट्ट्याचा जीव हाये त्या टोपणात. चालते का नाही हे पाह्यल्याबगर देशीन त्याच्या हातात? उस्तादनं हेच शिकवलं काय तुले?"

तो थट्टा करत होता. चहा येईपर्यंतचा वेळ घालवायचा होता त्याला. पण मला ते लागलं, कारण तो माझ्या मनातलंच बोलला होता. तीन दिवस ते टोपण खिळ्यावरून माझ्याकडे बघत होतं. हजार गोष्टी तपासून देणारा मी, आणि एक गोष्ट न तपासता देणार होतो.

"अन् पाहाचं कसं?" मी विचारलं. "हाक कानाले येत नाही."

"माह्या कानाले येते," रफिकभाई म्हणाला. त्याच्याकडे एक जुना परदेशी रेडिओ होता, कोणा यात्रेकरूनं दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही तो. त्यावर डोक्यावरून नागपूर-मुंबई जाणाऱ्या विमानांची बोलणी कधीकधी धरता यायची. त्यानं तो चौकोनात आणून ठेवला, काटा फिरवला. खरखर सुरू झाली. "थोडीशीच वढ. आवाज आला का ढकल आत. कोणाले मालूम पडते?"

मी टोपण फिरवलं. आटे इतके सफाईदार होते की हाताला सुख वाटलं. टोपणासोबत तार आली. केसाहून थोडी जाड, सोनेरी. मी बोटभर ओढली. काही नाही. वीतभर ओढली. मग ती आपल्याआपच सळसळत बाहेर आली आणि रेडिओतली खरखर एकदम थांबली.

तो आवाज मी विसरलेलो नाही. वरून सुरू व्हायचा आणि घसरत खाली यायचा, पुन्हा वर, पुन्हा घसरत खाली. लहान मूल आडात वाकून कोणाला तरी हाक मारतंय असं वाटावं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. खोटं कशाला लिहू, आनंद झाला आम्हाला. शिरपूरच्या बसस्टँडवर बसून आम्ही ते चालवून दाखवलं होतं.

"चालते," रफिकभाई म्हणाला. "लय झकास चालते. आता बंद कर."

मी तार आत ढकलली. ती आत जाईना. वळली, वाकली, बोटभर गेली आणि उलटी बाहेर आली. आवाज सुरूच.

"बंद कर ना भाई."

"होत नाही."

"अरे, इमान हाये वरतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी दुकानाच्या पत्र्याकडे पाहिलं, जसं काही पत्र्यातून दिसणार होतं.

मी मागचं झाकण उघडलं, दुसऱ्या यंत्राचं पोट उघडलं आणि त्याच्या सेलकडून येणारी पत्र्याची जीभ कातरीनं तोडली. आवाज बंद झाला. तार चिमट्यानं ओढून मुळाशी कापली, बोटभर तुकडा आत ठेवला, टोपण बसवलं आणि आट्यांना पिवळा चिकट डिंक लावून घट्ट केलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. माझं काम चांगलं होतं.

तेवढ्यात बाहेर पोलिसांची जीप थांबली. रफिकभाईनं चौकोनातला रेडिओ खाली ओढला. हवालदार उतरला, आत आला आणि म्हणाला, साहेबांच्या घरचं गजराचं घड्याळ झालं काय. मी नुसतं खिळ्याकडे बोट केलं.

चारला दिगंबर आला. पाठीवर पिशवी, बस लागलेली.

"झालं काका?"

"झालं."

"टोपणाले हात नाही ना लावला?"

रफिकभाई चौकोनातून माझ्याकडे बघत होता. कंट्रोलर शिटी वाजवत होता. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हा काय करेल? परदेशी पाठवायला महिने जातील, बस तर आत्ता सुटते आहे. पुढच्या सुटीत सांगू. समुद्रात रोज कोणी हरवत नाही.

"नाही," मी म्हणालो.

झाकणाच्या आत मी 'शं' आणि महिना आधीच कोरला होता. फुली मारली नाही.

बस गेल्यावर रफिकभाई म्हणाला, "सांगाले पायजे होतं शंकर." मी त्याला म्हणालो, तूच तर हे करायला लावलं मला. पुढे दोन दिवस मी आभाळाकडे बघत होतो. विमानं नेहमीसारखी येत-जात होती. कोणी आलं नाही.

पुढच्या सुटीत मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या सुटीतही नाही. मग एका पावसाळ्यात तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला, आणि परत गेलाच नाही. केनवडला पाइप, नळ, मोटारींचं सामान यांचं दुकान टाकलं. मला आतून हायसं वाटलं. आता तो केनवडात हरवणार नव्हता.

महिन्या-दोन महिन्यांतून मालासाठी या बाजूला आला की माझ्याकडे बसायचा. चहा व्हायचा. मी त्याची थट्टा करायचो.

"काहून रे दिगूभाऊ, समुद्राले भ्याला काय?"

"हो काका, भ्यालो," तो म्हणायचा.

चार माणसं असली तर मी मुद्दाम विचारायचो. "दरियाचा मर्द अन् आता नळाच्या तोट्या इकून राह्यला." लोक हसायचे. तोही हसायचा. मग हात पुढे करायचा. घड्याळ कायम मनगटावर. सेल संपला की माझ्याकडेच. परत घेताना दर वेळी एकच विचारायचा, "घडी ठीक हाये ना, काका?"

"एकदम."

मग लगेच उठायचा नाही. चहा संपलेला असायचा, तरी ग्लास हातात धरून थोडा वेळ बसायचा. मला वाटायचं, याला काम नाही.

दर वेळी मी सेल बदलायचो, महिना कोरायचो, आणि झाकण लावताना त्या टोपणाकडे बघायचं टाळायचो. भिंग डोळ्याला असूनसुद्धा.

रफिकभाई सात वर्षांपूर्वी गेला. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "ते दिगंबरचं सांगतलं काय तू?" मी म्हणालो, सांगतो. दिगंबर गेल्या वर्षी गेला, दुकानात बसल्या बसल्या. त्याच्या तेरवीला मी पहिल्या पंगतीत जेवलो.

यंदा उन्हाळ्यात त्याची मुलगी स्वाती माझ्या घरी आली. केनवडच्या शाळेत ती शिकवते. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून दुकानात यायची. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आहे म्हणाली, घरात बाबांचं ते घड्याळ नुसतं पडून आहे, एका ओळखीच्या बाईनं मुंबईच्या लिलावगृहाचा पत्ता दिला. तिथल्या लोकांनी झाकण उघडून फोटो काढले, बाकी सगळं पसंत करून यादीत मजकूरही घातला. एकच अडचण. हाक मारणारं यंत्र चालतं की नाही हे कोणालाच तपासता येत नाही, तपासलं की ते संपतं. म्हणून त्यांनी घड्याळ परत पाठवून विचारलं होतं, ही 'शं' खूण ज्याची आहे तो कारागीर हयात असेल तर दोन ओळी लिहून देईल काय.

"एका माणसानं आतापासूनच इचारून ठेवलं हाये काका," ती म्हणाली. "तो एकटाच हिमालयात जाते म्हणे बर्फात. त्याले ते घालून जाचं हाये."

मी म्हणालो, घड्याळ आजचा दिवस राहू दे माझ्याकडे.

दुकान आता नाही, पण भिंग आणि चिमटे आहेत. ती बाजारात गेल्यावर मी पडवीत उजेडाला बसलो. हात कापतात, तरी टोपण फिरवलं. ते सहज फिरलं. माझा डिंक नव्हता. एक कणसुद्धा नव्हता. त्याच्या जागी आट्यांवर पांढरी पातळ टेप होती, एक वेढा, कडेला नीट दाबून बसवलेली.

घड्याळजी तसली टेप वापरत नाही. नळाच्या आट्यांना पाणी झिरपू नये म्हणून पाइप जोडणारे ती लावतात. टोपण मी पूर्ण काढलं. बोटभर कापलेली तार, आत होती तशी. तिच्या टोकाला बारीक वाक होता. कोणीतरी ती धरून खूप जोरात ओढली होती.

स्वाती परत आली, भाजीची पिशवी खाली ठेवून समोर बसली. मी तिला विचारलं, "तुह्या बाबानं समुद्र काहून सोडला?"

"तुमाले मालूम नाही?" ती म्हणाली. "बाबाईनं कोणालेच नाही सांगतलं, फक्त आईले. फलाटावरून माणसं नेणारी होडी उलटली होती. रबराच्या तराफ्यावर चौघं जण होते. एक रात्र अन् एक अख्खा दिवस. मंग मासोळ्यावाल्याईनं पाह्यलं."

"वरून इमान नाही गेलं?"

"गेले ना. दोन-तीन गेले म्हणत. खाली कोण पाह्यते? काहून काका?"

"घडीचं काही बोलले काय ते?"

"नाही. कधीच नाही. सेल फक्त शंकरकाकाकडंच टाकाचा, एवढंच म्हणत."

मी तिला सगळं सांगितलं. टोपण, रेडिओ, कातरी, डिंक, चार वाजताची बस. पांढरी टेप दाखवली. ती बापाच्या दुकानात वाढलेली आहे, टेप तिनं लगेच ओळखली. बोट लावून बघितली, बोट मागे घेतलं. चहा आला होता, तो तिनं घेतला नाही.

"पंचवीस वर्षं ते तुमच्या दुकानात येऊन बसत होते," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुमी त्याईले चार लोकाईत भित्रा म्हणत होते."

"हो."

"घडी ठीक हाये ना, असं दर वेळी इचारत. मी खांद्यावर बसून आयकलं हाये ते."

तिनं भाजीची पिशवी उचलली आणि बससाठी निघून गेली. घड्याळ माझ्याकडेच राहिलं. ती विसरली की मुद्दाम ठेवलं, मी पुढेही विचारलं नाही.

आठवडाभर मी झोप आणि जेवण यांच्याशी भांडत होतो. कोणी मला लिहू नको म्हटलं असतं तर मी लिहिलं नसतं, इतका अजून भित्रा होतो. त्या बाईचे गुडघे आणि त्या अनोळखी माणसाचा बर्फ, दोन्ही डोळ्यांपुढे यायचे. आठव्या दिवशी स्वातीचा फोन आला. "काका, त्या दोन ओळी लिहून द्या," ती म्हणाली. मी कागद पुढे ओढला. मग ती म्हणाली, "खऱ्या लिहा."

मी लिहिलं: "हे घड्याळ पहिल्यांदा मी उघडलं. त्याची हाक कारण नसताना मी वापरून टाकली, तार कापली आणि मालकाला सांगितलं नाही. मालकाला पुढे गरज पडली तेव्हा हे मुकं होतं. याच्यातून आता हाक जाणार नाही. वेळ बरोबर दाखवतं." खाली पूर्ण नाव आणि गाव. मग झाकण उघडून शेवटचा महिना कोरला आणि माझ्या पहिल्या खुणेपुढे फुली मारली. पंचवीस वर्षं उशिरा, पण सरळ आली. पांढरी टेप तशीच ठेवली. ते काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

लिलावगृहानं यादीतला मजकूर बदलला. लिलावानंतर स्वाती पेढे घेऊन आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. हिमालयवाल्या माणसानं माघार घेतली आणि कळवल्याबद्दल आभार मानले. पुण्याच्या कोणी घड्याळं जमवणाऱ्यानं ते घेतलं, माझ्या चिठ्ठीसकट. अपेक्षेपेक्षा बरंच कमी मिळालं. "आईचा एक गुडघा होते त्याच्यात," ती म्हणाली. दुसऱ्या गुडघ्याचं मी बघतो म्हणालो, तर नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो नाही. काही गोष्टी देऊन सुटायचं नसतं.

आम्ही पडवीत बसलो होतो. या वेळी तिनं चहा घेतला. ग्लास रिकामा झाला तरी हातात धरून बसली, अगदी बापासारखी. मग म्हणाली, "काका, एक इचारू? आवाज कसा होता त्याचा?"

"कायचा?"

"हाकेचा. बाबाईनं कधी आयकला नाही. तुमी आयकला हाये ना."

रफिकभाई असता तर त्यानं रेडिओचा काटा फिरवून दाखवल्यासारखं करून हसवलं असतं. आता मीच होतो. मी घसा साफ केला. ऐंशीच्या घरातला गळा, त्यातून काय निघणार? तरी मी मान वर केली आणि आवाज काढला, वरून सुरू होऊन घसरत खाली, पुन्हा वर, पुन्हा घसरत खाली. लाज वाटली, पण थांबलो नाही. स्वाती डोळे मिटून ऐकत होती.

शेजारची मंदा कुंपणाशी आली. हातात धुण्याचं पिळलेलं लुगडं तसंच.

"आबा," ती म्हणाली, "काय झालं? कोणाले हाक मारून राह्यले?"